राजाभाऊंचा निरोपाचा फेरा

मिजेट रेसिंग कार म्हणजे मूर्ती टीचभर आणि आवाज गावभर. तिला ना सेल्फ, ना क्लच. मागून कुणीतरी धक्का मारल्याशिवाय ती सुरूच होत नाही. "एवढा तोरा आणि स्वतःच्या पायावर उभं राहायचं नाव नाही," असं राजाभाऊंची बायको प्रमिला म्हणायची. गाडीला ती सवतच म्हणे. आता ती महिनाभर आधीच पुण्याला घर लावायला गेली होती. राजाभाऊ रिटायर झाले होते आणि पुढच्या आठवड्यात त्यांचा व्हिसा संपत होता.

आखातातल्या उम्म अल कुवैनच्या बाजूला, उंटांच्या गोठ्यापलीकडे, त्यांच्या क्लबचा तांबड्या मातीचा लंबगोल ट्रॅक होता. गावाकडच्या रेसच्या आठवणीने झुरणाऱ्या ट्रेव्हर आणि कॉलिन या दोन ऑस्ट्रेलियन इंजिनिअरांनी तो कधीकाळी आखला. मग न्यूझीलंडचा एक आला, श्रीलंकेचा निमल आला, लाहोरचा अबरार आला आणि शहरातल्या अल मनखूल भागातल्या फ्लॅटमध्ये कंटाळलेले आपले राजाभाऊही आले. क्लबचा इतिहास म्हणाल तर शेडच्या भिंतीवर रंगवलेली नावं, बस. ही नावं जिंकणाऱ्यांची नव्हती, निघून गेलेल्यांची होती. या देशात माणूस म्हातारा होत नाही, त्याचा व्हिसा संपतो.

जाणाऱ्याने निरोपाचा एक फेरा मारायचा, ही क्लबची रीत. त्या दिवशी गाडीला धक्का वाहनाने द्यायचा नाही, हातांनी द्यायचा, आणि तो राहणाऱ्यांनी द्यायचा. फेरा संपला की सगळ्यांनी मिळून त्याचं नाव भिंतीवर रंगवायचं. राजाभाऊंनी एकूण एकाला धक्का दिला होता. गेल्या उन्हाळ्यात अबरार कॅनडाला गेला, तेव्हा ते आणि चौकीदार खैरुद्दीन असे दोघेच ढकलायला होते. आता धक्का द्यायला राजाभाऊच तेवढे राहिले होते, आणि जाणारेही तेच.

त्यांनी व्हॉट्सॲप ग्रुपवर कळवलं. जगाच्या चार कोपऱ्यांतून अंगठे आले, लाल बदाम आले. अंगठ्यांनी गाडी हलत नाही.

मग त्यांनी अबुधाबीला मुलीला, मिहिकाला, फोन केला.

"शनिवारी माझा शेवटचा फेरा आहे गं क्लबवर. जमलं तर ये. नाही जमलं तरी काही नाही."

"सॅटर्डे? बाबा, आय हॅव अ क्लायंट लंच. आय विल ट्राय, ओके?"

"अगं काही नाही, काम कर तू तुझं."

राजाभाऊंच्या घरात 'ये' असं तोंड उघडून कुणी म्हणत नसे. समोरच्याने ओळखायचं असे. पण मिहिका इथेच लहानाची मोठी झालेली. बापाने काही नाही म्हटलं, तिने काही नाही असंच धरलं. चूक कुणाची, तर मी म्हणेन म्हाताऱ्याचीच.

शनिवारी दुपारी खैरुद्दीनने टँकरने ट्रॅकवर पाणी मारलं. राजाभाऊ हेल्मेट मांडीवर घेऊन गाडीत बसले आणि हायवेकडे बघत राहिले. ऊन उतरलं. एक गाडी वळली, त्यांनी घाईने हेल्मेट चढवलं, पण ती उंटवाल्याची निघाली.

खैरुद्दीनने एकट्याने ढकलून पाहिलं. गुडघ्याने दगा दिला. "साहब, टँकर से मार दूँ धक्का? यहाँ कौन देख रहा है?"

कुणी बघत नव्हतं हेच तर दुःख होतं. "मार," राजाभाऊ म्हणाले. रीत मोडल्याची लाज वाटली, पण गाडीच्या पाठीला टँकरचं लोखंड टेकलं, मागचं चाक फिरलं आणि इंजिन गरजलं, तेव्हा ती लाज मातीबरोबर मागे उडाली. गाडी वळणावर तिरकी झाली, तशी ती नेहमी व्हायची.

एक फेरा झाला. रीतीप्रमाणे थांबायचं होतं. पण थांबायचं कुणापाशी? खैरुद्दीन टँकर लावून नमाजाला गेला होता. इंजिन एकदा बंद पडलं की पुन्हा कोण सुरू करणार, या भीतीने राजाभाऊ फिरतच राहिले. रिकाम्या बाकांपुढून पुन्हा पुन्हा गेले. शेवटी पेट्रोल संपलं आणि शेडपासून अगदी दूरच्या वळणावर गाडी गप्प उभी राहिली. एवढी शांतता त्यांनी इथे कधी ऐकली नव्हती.

फोन वाजला. मिहिका.

"बाबा! डिड यू डू इट? सॉरी, लंच खूप लांबलं. कोण कोण आलं होतं?"

राजाभाऊंनी लांबवरच्या भिंतीकडे पाहिलं. इथून अक्षरं दिसत नव्हती, पण ती त्यांना पाठ होती.

"सगळे आले होते गं. ट्रेव्हर होता, कॉलिन होता. निमल आला, अबरारही आला. सगळ्यांनी मिळून धक्का दिला."

"ऑ, दॅट्स सो स्वीट! मग माझी गरजच नव्हती."

"छे गं," राजाभाऊ म्हणाले. "तुझी कशाला?"

फोन खिशात ठेवून ते खाली उतरले. एक हात स्टिअरिंगवर ठेवला, खांदा गाडीला लावला आणि शेडच्या दिशेने ढकलू लागले. ते काम त्यांना चांगलं येत होतं.