मटिल्डाबायची पेटी आणि बावखलातला बेडूक

देवाशप्पत सांगते, यातला शब्दन् शब्द खरा आहे. गळ्याची शपथ, डोळ्यांची शपथ, आणि तेवढ्याने भागत नसेल तर माझ्या उरलेल्या दोन दाढांची शपथ. एक अक्षर जरी खोटं निघालं, तर माझ्या ताटातला बोंबील मांजराने न्यावा.

भुईगावची मटिल्डाबाय चिडकी होती. आपण चिडतो तशी नव्हे. ती अंगणात उभी राहून ओरडली की तिकडे राजोडीच्या किनाऱ्यावरचे पाहुणे भरती आली समजून चपला हातात घेऊन पळायचे. नवरा डॉमनिक मात्र थंडगार. बायको तापली की तो गुपचूप केळींना पाणी घालायला जायचा. म्हणून तर अख्ख्या गावात त्यांची वाडी सगळ्यात हिरवी.

ते पाणी बावखलाचं. बावखल म्हणजे वाडीतलं तळं, आज्या-पणज्यांनी हाताने खणलेलं. पावसाचं गोडं पाणी त्यात साठतं, जमिनीत मुरतं आणि आसपासच्या विहिरी गोड ठेवतं. समुद्र इथून हाकेवर. बावखल बुजवलं की विहिरीत खारं पाणी शिरलंच म्हणून समजा. मग केळ गेली, पानवेल गेली, आणि चहासुद्धा मिठाचा.

तर एके दिवशी गल्लीच्या तोंडाशी विजेच्या खांबावर एक नोटीस चिकटवलेली दिसली. गल्ली रुंद होणार. 'मार्गात येणारा पडीक खड्डा भरून घेण्यात येईल.'

मटिल्डाबायने ती वाचली. चष्मा पुसून परत वाचली.

"पडीक खड्डा? माझ्या बावखलाला खड्डा म्हणतात? ह्यांच्या टाळक्यात खड्डा! ह्यांच्या सात पिढ्यांच्या टाळक्यात खड्डा!"

डॉमनिकने बादली उचलली.

खाली बारीक अक्षरात लिहिलेलं, की हरकती फक्त ईमेलने घेतल्या जातील, मुदत दीड महिन्याची, शेवटचा दिवस सोमवार, कागदी अर्ज चालणार नाही. ऑफिस कुठलं ते मी सांगणार नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल, आणि ज्यांना झोंबायचं त्यांना झोंबेल.

ईमेलचं मटिल्डाबायला भय नव्हतं. मुंबईत फोर्टातल्या कंपनीत तिने कॉम्प्युटर खात्यातच केस पांढरे केलेले. तिने आपली हरकत ठोकून दिली. तेवढ्यात शेजारचा स्टॅनी आला.

"बाय, माझी बी धाड ना. माझ्या विहिरीचं पानी पन त्यावरच हाय."

"तुझा ईमेल काय?"

"हाय ना. पासवर्ड तुळिंजला."

"तुळिंजला कसा असेल?"

"मोबाईल घेतला तवा तिकडच्या दुकानवाल्यानंच बनवला. त्याच्याकडंच असंल."

गावातल्या निम्म्या लोकांचं हेच. मोबाईल तुळिंजचा, ईमेल दुकानदाराने बनवलेला, आणि त्या दुकानात आता मोमो मिळतात. म्हणून मटिल्डाबायने सगळ्यांच्या हरकती आपल्याच ईमेलवरून धाडायला घेतल्या. थोड्या गेल्या आणि तिचा ईमेलच बंद. 'संशयास्पद हालचाल आढळली आहे.' अमेरिकेतली भली थोरली कंपनी, पण विचारायला गेलं तर दारात एक माणूस नाही. एक मशीन बोलतं.

'मी आपली काय मदत करू?'

'माझा ईमेल उघड.'

'क्षमस्व, मला समजलं नाही.'

'माणूस दे!'

'क्षमस्व, मला समजलं नाही.'

"समजलं नाही?" मटिल्डाबाय स्क्रीनवर ओरडली. "मेल्या, तुला समजत नाही तर दारात कशाला उभा केलाय? बुजगावणं तरी कावळे हाकलतं!" त्या ओरडण्याने फणसाच्या झाडावरचे तीन फणस अवेळी पिकले. मी स्वतः खाल्लेत.

मग ती शांत झाली, आणि डॉमनिकने एकाऐवजी दोन बादल्या उचलल्या.

"आजपासून," ती म्हणाली, "माझी पत्रं माझ्या घरातून जातील. कोणाच्या मेहेरबानीवर नाही."

तिने एक छोटं कॉम्प्युटर आणलं, सुकेळी ठेवायच्या डब्याएवढं. घरात एकच प्लग धड होता, तो आल्ताराखाली, म्हणजे देव्हाऱ्याखाली. म्हणून ती पेटी बसली थेट देवाच्या पायाशी. दिवा वर, लुकलुक खाली.

"आता देवाला पण पासवर्ड लागणार का?" डॉमनिक म्हणाला.

"देव माझी पत्रं अडवत नाही. तू बादली घे."

घरच्या पेटीतून ईमेल पाठवायचा तर इंटरनेटवाल्याची परवानगी लागते. तो जितेश. त्याच्या दुकानात मटिल्डाबाय जाऊन उभी राहिली.

"आँटी, घरच्या कनेक्शनवर ईमेल पाठवायचं दार आपण बंदच ठेवतो. सगळेच ठेवतात. लोक स्पॅम पाठवतात ना."

"मी तुला स्पॅम दिसते?"

"नाही आँटी, पण पॉलिसी..."

"तुझे आजोबा आमच्या बावखलात पोहायला शिकले. तेव्हा पॉलिसी विचारली होती?"

एवढं बोलून तिने नुसतं बघितलं. भिंतीवरच्या मशीनचे हिरवे दिवे लाल झाले. जितेशने दार उघडलं, तिला कायमचा पत्ता दिला, आणि त्या पत्त्यावर तिच्या नावाची पाटीपण लावून दिली. पाटी नसली की समोरचे पत्र घेत नाहीत.

पण खरं कोडं पुढेच. पहिलं पत्र तिने डॉमनिकच्या ईमेलवर धाडलं, तर ते कचऱ्यात जाऊन पडलं. एका बाजूला लॉटरी, दुसऱ्या बाजूला पोट कमी करायचं औषध, आणि मध्ये तिची हरकत.

ऐका, हे असं असतं. नवी कोळीण पहिल्या दिवशी बाजारात टोपली घेऊन बसली, तर गिऱ्हाईक लांबूनच वास घेतं. तिने रोज थोडं थोडं विकावं, लोकांनी खाऊन बघावं, मग ओळख होते. पहिल्याच दिवशी टेम्पोभर मासे ओतले, तर लोक म्हणणार, हे चोरीचे! ईमेलच्या बाजारातपण तसंच. मटिल्डाबायने दात खाऊन तेपण केलं. ओळखीपाळखीच्यांना रोज दोन-चार पत्रं धाडली. त्यांनी ती कचऱ्यातून उचलून वाचली. पेटीची पत जमत गेली. मग तिने घराघराला आपल्या पेटीवरचा एकेक पत्ता दिला आणि दम भरला.

"रोज दोनच घरांनी पाठवायचं. मी सांगेन त्यांनीच. आणि आपापल्या शब्दांत. मी ग्रुपवर टाकलाय तो नमुना आहे, तो तसाच उचलायचा नाही. घाई केलीत तर माझ्याशी गाठ आहे."

सगळ्यांनी माना हलवल्या. पण भुईगावात माणूस बायकोचं ऐकत नाही, डॉक्टरचं ऐकत नाही, ऐकतो फक्त चर्चमधल्या मिस्सेनंतरच्या माइकचं. माइकवर सांगितलं की पोलिओचा डोस, तर अख्खं गाव तोंड उघडून हजर. आणि तो माइक व्हिन्सेंटच्या हातात. माणूस भला. पण माइक हातात आला की त्याची छाती एक वीत पुढे जायची.

शेवटच्या रविवारी मिस्सा संपली, लोक चर्चच्या अंगणात आले आणि व्हिन्सेंट माइकवर आला. "बंधुभगिनींनो, उद्या शेवटचा दिवस. आता वाट बघायची नाही. एकजूट दाखवायची. मोबाईल काढा, नमुना उचला, आणि मी तीन म्हटलं की सगळ्यांनी पाठवा."

मटिल्डाबाय आतल्या बाकावरून उठली, पण दारातल्या गर्दीत अडकली.

"एक!"

"अरे थांब!"

"दोन!"

"व्हिन्सेंट, मुडद्या, थांब!"

"तीन!"

अंगणातल्या क्रुसाभोवती सगळं गाव मान खाली घालून उभं. लांबून वाटावं, प्रार्थना चाललीय.

मटिल्डाबाय धावत घरी आली. पेटीचे दिवे पिसाळल्यासारखे लुकलुकत होते. एकाच घरातून, एकाच मिनिटाला, एकच मजकूर. त्यातही प्रत्येकाच्या खाली 'इथे आपलं नाव घालावं' तसंच. एकानेही घातलेलं नव्हतं! ऑफिसच्या मशीनला वाटलं, दरोडा पडला. त्याने धाडकन दार लावलं. 'तुमच्या पत्त्यावर आमचा विश्वास नाही, नंतर बघू.' आणि ह्या नंतरला म्हणे पुष्कळ दिवस लागतात.

व्हिन्सेंट पेढे घेऊन आला. खरंच आला, पेढे घेऊन!

"मटिल्डाबाय, बघितलीस एकजूट?"

"एकजूट? अरे, महिनाभर मी वीट वीट रचली, आणि तू माइकने पाडलीस! आजची एकही हरकत पोचली नाही. एकही नाही! उद्या बावखलात मातीचा ट्रक ओततील ना, तर त्याच्यापुढे उभा राहा आणि म्हण एक, दोन, तीन!"

व्हिन्सेंटच्या हातातला पेढा हातातच राहिला. "मला वाटलं, सगळे एकत्र बोललो तर ऐकू जाईल."

"माणसांना जातं. मशीनला नाही." हे ती हळू बोलली. हळू बोलली म्हणून व्हिन्सेंटला जास्त लागलं.

मग ती पेटीपुढे बसली आणि बघते तर काय, पत्रं मेलेली नव्हती. ती पेटीत रांग लावून उभी होती. पेटी थोड्या थोड्या वेळाने जाऊन ऑफिसचं दार वाजवत होती, हाकलली की परत येत होती, आणि परत जात होती. अगदी मालकिणीसारखी चिवट.

मटिल्डाबायच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. दार बंद आहे ते रस्त्याच्या बाजूने. आतल्या माणसाला कोण अडवतं?

सोमवारी सकाळी तिने पेटीचा प्लग काढला. बावखलाच्या काठावर पडलेलं प्लास्टिकचं जांभळं टब उचललं, त्यात पेटी ठेवली, वर टॉवेल. डॉमनिकच्या स्कूटरवर मागे टब मांडीवर घेऊन बसली. टबात आधीपासून एक बेडूक बसलेला होता, नारळाएवढा, हे तिला ठाऊक नव्हतं.

ऑफिसात टेबलामागे एक बाई बसलेली. टब बघून म्हणाली, "मासे आत आणायचे नाहीत."

"मासे नाहीत. हरकती आहेत."

"कागद घेत नाही आम्ही."

"कागद आणलाय कोणी? ईमेल आणलेत. ह्या पेटीत आहेत."

आतून साहेब आले, रुमालाने मान पुसत. "अहो बाई, ईमेल असा हातात आणतात का?"

"तुमचं दार बाहेरून बंद. म्हणून आतून द्यायला आले. मला भिंतीतली एक इंटरनेटची वायर द्या, पाच मिनिटं."

"नियमात बसत नाही."

"नियमात लिहिलंय ईमेलने पाठवा. कुठे बसून पाठवा ते लिहिलेलं नाही."

"एका पडीक खड्ड्यासाठी एवढा तमाशा?"

डॉमनिकने इकडेतिकडे बादली शोधली. पण मटिल्डाबाय ओरडली नाही. टब तिने साहेबांच्या टेबलावर ठेवलं.

"साहेब, तो खड्डा माझ्या पणजीने खणला. पोटुशी होती तेव्हा. त्या पाण्यावर आमचं अख्खं गाव जगलं. तुम्ही त्याला पडीक म्हणालात, ठीक, तुम्हाला माहीत नसेल. पण माहीत असलेले लोक सांगायला आले, तर तुम्ही सांगायचं दारच असं करता की म्हाताऱ्याकोताऱ्यांना उघडता येऊ नये. ह्याला काय म्हणायचं? मला शब्द सांगा, मी घरी जाते."

साहेबांनी परत रुमाल काढला. आणि तेवढ्यात टॉवेल हलला. नारळाएवढा बेडूक उडी मारून बाहेर! पहिली उडी साहेबांच्या फायलीवर, दुसरी टकलावर. साहेब खुर्चीवर चढले, शिपाई कपाटावर चढला, कोणी किंचाळलं, कोणी झाडू मागितला. त्या गोंधळात भिंतीतली वायर पेटीला लागली. दिवे लुकलुकले. आतल्या मशीनने आतून आलेल्या पत्रांना काही विचारलं नाही. टेबलावरच्या कॉम्प्युटरवर टिंग झालं. मग टिंग, टिंग, टिंग, चर्चमधल्या अँजेलसच्या प्रार्थनेच्या घंटेसारखं थांबेचना. स्टॅनीची आली, व्हिन्सेंटची आली, सगळ्या गावाची आली. नाव कोणी घातलं नव्हतं, पण पाठवणाऱ्याच्या पत्त्यात नाव होतंच.

साहेब खुर्चीवरून उतरले तेव्हा टेबलामागची बाई म्हणाली, "सर, ईमेलने आल्यात. मुदतीत आल्यात. नोंद झाली."

एवढ्या हरकती आल्यावर सुनावणी घेणं भागच होतं.

संध्याकाळी सगळं गाव मटिल्डाबायच्या अंगणात. "पोचपावती आली का?" नाही. कोणालाच नाही. मटिल्डाबाय पुन्हा तापली. "चोर! पत्रं गिळून बसले! उद्या परत जाते, आणि ह्या वेळी सुसर घेऊन जाते!"

"कचऱ्यात बघ ना," डॉमनिक म्हणाला.

बघितलं, तर सगळ्या पोचपावत्या तिथेच! एकाच ऑफिसातून, एकाच मिनिटाला, एकच मजकूर. मटिल्डाबायच्या पेटीला वाटलं, दरोडा पडला. तिने धाडकन कचऱ्यात घातल्या. डॉमनिक इतका हसला, इतका हसला, की त्या दिवशी केळींना पाणी मटिल्डाबायला घालावं लागलं. व्हिन्सेंट हसला नाही. तो म्हणाला, "म्हणजे तुझीपण पेटी माझ्यासारखीच गाढव," आणि पळाला.

सुनावणीला साहेब स्वतः आले, बावखलाच्या काठावर उभे राहिले, चहा प्याले. गल्ली आज तिथे वळसा घेते. रिक्षावाले त्या वळणावर शिव्या घालतात. मटिल्डाबाय अंगणातून दुप्पट परत करते.

बरं, आता दाढा दोनच उरल्यात आणि मांजर ताटाकडे बघतंय, म्हणून सांगून टाकते. बेडूक नव्हता. टबात टॉवेल होता आणि पेटी होती, बस. मग साहेबांच्या नाकासमोर भिंतीतली वायर लावली कोणी? ते मला विचारू नका. टेबलामागच्या कोणाची तरी नोकरी आहे, आणि तिच्या माहेरीपण एक बावखल होतं.