मला घाबरलेलं गाव

मित्रांनो, मी एक जुना पाण्याचा फिल्टर आहे. मित्रांनो म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हणतो. माणसांशी मैत्री करावी असं मी फारसं काही पाहिलेलं नाही. ट्युनिशियाच्या दक्षिणेला, खजुराच्या बागांमधल्या एका गावात मला मशिदीच्या भिंतीवर बसवलं होतं. हल्ली मी त्याच गावातल्या मबरूका नावाच्या बाईच्या खुराड्यावर पडून असतो आणि कोंबड्या माझ्यावर बसतात. कोंबड्यांबद्दल माझी तक्रार नाही.

माझा जन्म राजधानीतल्या प्रयोगशाळेतला. माझ्या आतल्या पडद्याची छिद्रं इतकी बारीक, की पाणी तेवढं पलीकडे जातं आणि विहिरीतला वाईट क्षार अडतो. त्या क्षाराने या गावातल्या पोरांचे दात तपकिरी होतात. मबरूकाच्या थोरल्या लेकीचं, सालहाचं, जमलेलं लग्न दातांपायी मोडलं. धाकटी झुहरा तेव्हा रांगत होती. तिचे कायमचे दात हिरड्यांच्या आत घडायचे होते, ते पांढरे निघावेत एवढंच मबरूकाला हवं होतं.

मला बसवायला आलेल्या साहेबाने तासभर नॅनो नॅनो केलं. शेवटी मबरूकाने विचारलं, "साहेब, हा पडदा झिजला तर त्याचे कण पाण्यात उतरतील का? माझी पोर ते पिणार आहे."

किती सरळ प्रश्न! साहेब हसला. "बाई, तुमच्या डोक्यावरून जाईल. तुम्ही फक्त नळ सोडा." आणि गाडीत बसून गेला. धन्य ती विद्या!

साहेबाने उत्तर दिलं नाही, मग कॉफीवाल्या लझहरने दिलं. "अगं, डोळ्यांना न दिसणारे किडे सोडलेत त्यात! पाच वर्षांत गावात पाळणा हलायचा नाही." हा लझहर रोज सकाळी टकलावर आठवडी बाजारातलं नॅनो मलम चोळायचा.

"काका," मबरूका म्हणाली, "तुमच्या डोक्यावरचा नॅनो आणि भिंतीवरचा नॅनो सख्खे भाऊ की हो!"

"गप गं! ते औषध आहे."

असलं शहाणपण ऐकत मी पाणी गाळत होतो. जे घाबरले नाहीत त्यांनी नाकं मुरडली. "मेलेलं पाणी. ना चव, ना वास." शेवटी ठरलं, शुक्रवारच्या नमाजानंतर मला काढून टाकायचं.

मबरूकाचा जीव खालीवर झाला. या मुलखात माठात कतरान, म्हणजे लाकडाचा काळा, डांबरासारखा अर्क, थेंबभर टाकल्याशिवाय पाण्याला कोणी पाणी म्हणत नाही. तिला वाटलं, आपली चव आली की लोक पितील. गुरुवारी तिने माझं झाकण उघडलं आणि बिस्मिल्ला म्हणून चांगलं चमचाभर कतरान आत ओतलं.

माझी सगळी छिद्रं बुजली. शुक्रवारी नळातून धार सोडाच, थेंब पडेना.

"मी म्हणत नव्हतो?" लझहर टकलावर हात फिरवत म्हणाला. मला उपटलं आणि नळ थेट विहिरीला जोडला. साहेब आला, त्याने मला हुंगलं, "अडाणी लोक" म्हणाला आणि मला तिथेच टाकून गेला. मबरूकाने मला उचलून घरी आणलं. खुराड्यावर ठेवलं.

वर्षं गेली. यंदा झुहराचा पहिला दुधाचा दात पडला. तिने इथल्या रीतीप्रमाणे अंगणात उभं राहून तो उन्हाकडे भिरकावला आणि ओरडली, "सूर्या, गाढवाचा दात घे, हरणाचा दात दे!" मग मबरूका रोज तिचं तोंड उघडून बघायची. दात आला. तपकिरी आला. मबरूका खुराड्याला टेकून पदर तोंडाशी धरून रडली.

मित्रांनो, नव्या वस्तूला खुशाल घाबरा. पण घाबरून विचारणाऱ्याला हसू नका. त्या साहेबाने तिच्या पहिल्या प्रश्नाला उत्तर दिलं असतं, तर गुरुवारी झाकण उघडण्याआधी तिने दुसराही विचारला असता: "यात कतरान घातलं तर चालेल का?"