मेणाची तहान

शिसं म्हणजे शिसं, त्याच्यापुढे बाकी सगळं फिकं, हे भीमरावांचं ठाम मत. उल्हासनगरच्या अर्ध्या बाजाराला ते त्यांनी ऐकवून ऐकवून पाठ करून टाकलेलं. एक्स-रेच्या खोल्यांना लागणाऱ्या शिशाच्या विटा ओतण्यात त्यांची हयात गेली. वीट घेताना समोरच्याचा खांदा खाली झुकला की त्यांना कोण आनंद व्हायचा! म्हणून त्यांची लेक पायल, जी अंबरनाथच्या कारखान्यात इंजिनीअर होती, न्यूट्रॉनचा मारा अडवणाऱ्या पेटीचं काम घेऊन आली तेव्हा त्यांनी चहा संपायच्या आत निकाल देऊन टाकला. चारी बाजूंनी शिसं, विषय संपला.

पायल शांतपणे म्हणाली की न्यूट्रॉन शिशातून बिनधास्त निघून जातात.

भीमरावांचं तोंडच उतरलं. मग पायलनं त्यांच्या आवडीच्या कॅरमवरून समजावलं. सोंगटी जड काठावर आपटली की जवळजवळ तेवढ्याच जोरात परत फिरते. आपल्याएवढ्याच सोंगटीवर आपटली की सगळा जोर तिला देऊन थंड होते. न्यूट्रॉनच्या बरोबरीची सोंगटी म्हणजे हायड्रोजन, आणि तो शिशात नसतो.

पेटी बदलापूरच्या एका कारखान्यासाठी होती. वाळूतला ओलावा मोजायच्या यंत्राचा न्यूट्रॉन देणारा तुकडा तिच्यात राहणार होता. तो यायला अजून अवकाश होता. हायड्रोजन पाण्यात भरपूर, पण पाणी भरावं तर कधीतरी गळणार. काँक्रीट घालावं तर पेटी हलायची नाही. प्लॅस्टिकच्या पाट्या चांगल्या, पण गोल पेटीत त्यांच्या फटी राहणार. मग उरलं मेण, त्यातही हायड्रोजन भरपूर, तेच बोरॉनची पूड घालून ओतायचं. बोरॉन मंदावलेले न्यूट्रॉन गिळतो, पण गिळताना किरण सोडतो, आणि ते अडवायला बाहेरून शिसंच लागतं.

मेणाचं नाव निघालं आणि भीमरावांची नजर फळीकडे गेली. त्यांच्या शेडमध्ये मेण म्हणजे त्यांच्या बायकोचा, रखमाचा प्रांत. अर्ध्या शेडमध्ये यांची भट्टी, अर्ध्यात तिचे मेणबत्त्यांचे साचे. पौर्णिमेला विहारात तिच्याच मेणबत्त्या लागायच्या. भीमराव तिला चिडवायचे, तुझं काम एका फुंकरीत संपतं. ती म्हणायची, तुमच्या विटेनं कुणाच्या घरात उजेड पडलाय का कधी? ओतलेलं मेण निवताना मधोमध खचतं. तिथे ती पुन्हा धार सोडायची आणि म्हणायची, तहान लागली त्याला. मेणाला पाजतेस, मला कुणी विचारत नाही, असं भीमराव कुरकुरले की पाण्याचा तांब्या पुढ्यात यायचा. काय दिवस होते ते!

ती गेल्यापासून तिचं पातेलं फळीवरच होतं. तळाशी शेवटचं मेण थिजलेलं, त्यावर तिच्या अंगठ्याचा ठसा. धूळ झटकायलासुद्धा ते कुणाला हात लावू देत नसत. पायलला हे ठाऊक होतं, म्हणून तिनं कारखान्यातून दुसरं भांडं आणलं.

मेण ओतलं. दुपारपर्यंत ते निवलं आणि मधोमध खचलं. असं होणार हे पायलला माहीत होतं, पण यावेळी खड्डा तिच्या हिशेबापेक्षा खोल गेला आणि आणलेलं मेण संपलं होतं. पोकळी ठेवून चालणार नव्हतं. न्यूट्रॉनला तेवढी वाट पुरते. ती बाजारात जाऊन मेण आणते म्हणाली.

"थांब," भीमराव म्हणाले.

त्यांनी फळीवरचं पातेलं उतरवलं. पायल गडबडली, बाबा, राहू दे, मी पटकन जाऊन येते, म्हणाली. त्यांनी ऐकलं नाही. आई साधं पांढरंच मेण वापरायची ना, चालेल ना हे, एवढंच विचारलं. पायलनं मान हलवली आणि बोरॉनची पूड पुढे केली.

शेगडी मंद होती, तरी ठसा बघता बघता विरघळला. भीमरावांना रडू आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही. मग पूड मिसळून त्यांनी बारीक धार सोडली, रखमा सोडायची तशी, खड्डा काठोकाठ भरेपर्यंत.

"तहान लागली होती त्याला," ते म्हणाले.

संध्याकाळी पेटीभोवती त्यांच्या विटा बसल्या. झाकण लावताना पायलचा हात अडला.

"बाबा, आता आईचं मेण पुन्हा दिसायचं नाही."

"नसू दे," भीमराव म्हणाले. "बाहेरून मीच आहे की."