गवतकापणीच्या दिवसांतल्या सह्या

व्हर्ना टोलेफसनने शपथेसाठी उजवा हात वर केला आणि तो तसाच अधांतरी राहिला.

"म्हणा ना, व्हर्नाबाई," टेबलापलीकडून डेल्फीन म्हणाली. "या कागदांवरची प्रत्येक सही माझ्या डोळ्यांदेखत झाली. एवढंच म्हणायचंय. लगेच शिक्का मारते."

डेल्फीन जिल्हा कचेरीतली कारकून. लहानपणी ती व्हर्ना चालवायची त्याच शाळेच्या बसमधून जायची. अर्धं डनमोर त्या बसमध्ये वाढलेलं. आता ती शाळाच बंद व्हायला आली होती. राजधानीतल्या शहाण्यांनी रोजगाराच्या नावाखाली शहरांतल्या कारखान्यांना झुकतं माप दिलं आणि अंदाजपत्रकात खेड्यांतल्या शाळांना कात्री लावली. डनमोरच्या पोरांनी रोज डोंगर ओलांडून शिकायला जायचं म्हणे! मग लोकांनीच ठराव लिहिला: थोडा कर वाढला तरी चालेल, पण छोट्या शाळा तोडू नका. पुरेशा सह्या जमल्या की असा ठराव थेट मतदानाला जातो, राजधानीची परवानगी लागत नाही. या जिल्ह्यातल्या सह्या व्हर्नाने आणायच्या होत्या आणि मुदत आज संध्याकाळी पाचला संपत होती.

आणि या बाईने काय केलं होतं? कागद मेव्हिसच्या खानावळीत कॉफीच्या किटलीशेजारी ठेवून दिले होते, वर दोरीला बांधलेलं पेन. ज्या गावात घराला कुलूप नसतं आणि किल्ली गाडीतच राहते, तिथे सहीवर पहारा कशाला, असं तिला वाटलं. लोक येत होते, अंडी-बटाटे खात होते, सही करून कामाला जात होते. व्हर्ना तेव्हा घरी टोमॅटोला पाणी घालत होती.

"मी तिथे नव्हते गं," ती म्हणाली.

डेल्फीनने दाराकडे पाहिलं. "मी काही ऐकलं नाही. आणि विचारतंय कोण?"

"तू विचारतेयस ना?" व्हर्नाने हात खाली घेतला. "बसमध्ये खोटं बोलणाऱ्याला मी माझ्यामागच्या बाकावर बसवायचे. तुलाही बसवलंय."

"आठवतंय," डेल्फीन पुटपुटली. "पाचच्या आत नव्या कागदांवर तुमच्यासमोर सह्या घेतल्यात तर चालेल. पण गवत कापून पडलंय, पश्चिमेला ढग आलेत. आज ट्रॅक्टरवरून कोण उतरणार?"

व्हर्ना तडक मेव्हिसकडे गेली आणि सगळ्यांसमोर आपली चूक सांगून मोकळी झाली. कोपऱ्यात ऑरिन स्ट्राउड बसला होता. कराचं नाव काढलं की याच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. ठरावाविरुद्धची पाटी त्याने स्वतःच्या कुंपणावर ठोकली होती.

"म्हणजे सगळ्या सह्या वाया?" त्याने विचारलं.

"सगळ्या. हस आता पोटभर."

ऑरिन हसला नाही. अर्धी कॉफी तशीच टाकून, टोपी चढवून निघून गेला. गेला आनंद साजरा करायला, असं व्हर्नाला वाटलं.

तिने कचेरीच्या पायऱ्यांशी टेबल मांडलं. मेव्हिस आली, पोस्टातली बाई आली, मग बराच वेळ कुणीच नाही. व्हर्नाला रडू येत होतं. एवढी वर्षं एक मूल कधी रस्त्यात विसरलं नाही, आणि आज आपण अख्खी शाळा विसरून आलो!

मग उत्तरेच्या रस्त्यावर धूळ उठली. एक गाडी, तिच्यामागे दुसरी, मग मोजदाद सुटली. केसांत गवताच्या काड्या, हाताला वंगण, अशी माणसं उतरून मुकाट्याने रांगेत उभी राहू लागली. ढग गडगडले, तरी रांगेतलं कुणी हललं नाही. व्हर्ना बघतच राहिली. याच माणसांची लहानपणची नाकं तिने पुसली होती, पण ती एवढी मोठी झालेली तिला कधी दिसलीच नव्हती.

"तुम्हाला सांगितलं कुणी?"

"ऑरिननं," एकजण म्हणाला. "प्रत्येक ट्रॅक्टरवरच्या वायरलेसवर बोंबलतोय. 'उतरा रे आळशांनो, व्हर्नासमोर जाऊन सही करा!'"

ऑरिन सगळ्यांत शेवटी आला. तोवर टपोरे थेंब पडायला लागले होते. त्याने पेन घेतलं.

"तुझं गवत भिजतंय, ऑरिन."

"मला डोळे आहेत."

"म्हणजे आता ठरावाला मत देणार?"

"मेलो तरी नाही. विरोधात देणार, आणि दारोदार जाऊन तेच सांगणार." त्याने जपून, एकेक अक्षर काढत सही केली. "पण विरोधात मत द्यायला ठराव मतदानाला यायला तर हवा ना? तुला हरवीन तर मतदानात हरवीन, व्हर्ना. कॉफीच्या किटलीपायी नाही."

व्हर्नाने सह्यांचे कागद पावसापासून छातीशी धरले. तो भिजतच गाडीकडे गेला.

पाचला थोडा अवकाश असताना डेल्फीनने शिक्का हातात घेतला. व्हर्नाने हात वर केला.

"या कागदांवरची प्रत्येक सही," ती म्हणाली, आणि एकदा थांबून तिने खिडकीबाहेर भिजणाऱ्या शेतांकडे पाहिलं, "माझ्या डोळ्यांदेखत झाली."