माझा तांबडा तांबडाच राहील

मी एक जुना नकाशा आहे, आणि मित्रांनो, आधीच बजावतो: माझं काहीही चुकलेलं नाही.

अमेरिकेत १८८४ सालची अध्यक्षीय निवडणूक झाली, तेव्हा ओहायोतल्या आमच्या छोट्या जिल्ह्यात टोबायस हॉलिस या कारकुनाने मला रंगवलं. गावाची मतमोजणी हाती आली की तो त्या गावावर ब्रश फिरवी. डेमोक्रॅट जिंकले तर तांबडा, रिपब्लिकन जिंकले तर निळा. मताधिक्य दणदणीत असेल तर रंगाचा आणखी एक हात. कोर्टाच्या भिंतीवर मला टांगलं तेव्हा काय झुंबड उडाली! हरलेल्या पक्षाच्या एका शेतकऱ्याने तर माझ्यावर तंबाखूची पिंक टाकली. तो डाग मी अजून मिरवतो.

पुढे कुणीतरी मला लहान चौकटीत कोंबलं. माझा खालचा कोपरा आत दुमडला गेला. मग तळघर, ओल आणि कसर. साठ वर्षं कुणी ढुंकून पाहिलं नाही.

यंदा निवडणूक-प्रदर्शनासाठी मला वर काढलं. गावच्या संग्रहालयाचा प्रमुख ग्लेन स्ट्राउड याने कपाळावर हात मारला.

"अगं विल्मा, डेमोक्रॅट निळे असतात, शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे! जुन्या वर्तमानपत्राशी ताडून पाहिलं. एकूण एक गाव उलटं! तुझा पणजोबा टोबायस प्यायला होता की काय?"

आणि त्याने ब्रश निळ्या रंगात बुडवला. मित्रांनो, माझा नुसता संताप झाला! पण नकाशाला हात कुठे असतात?

विल्मा मात्र त्याची शाळेपासूनची मैत्रीण. ती कशाला ऐकून घेईल?

"थांब रे शहाण्या! माणूस चुकला तर दोन-चार गावं चुकतो. सगळीच्या सगळी चुकायला अक्कल लागते."

तिने खिळे उपसले, चौकट काढली, माझा कोपरा उलगडला. टोबायसचं अक्षर तिथे स्वच्छ होतं: तांबडा डेमोक्रॅट, निळा रिपब्लिकन.

"तेव्हा पक्षांचे रंग ठरलेले नव्हते, ग्लेन. जो रंगवील तो ठरवील."

"पण लोक येऊन मलाच हसतील ना!"

"हसू देत. त्यांना कोपरा दाखव."

या गडबडीत ग्लेनच्या ब्रशचा एक निळा थेंब माझ्या तांबड्या गावावर पडलाच. तोही आता तंबाखूच्या डागाशेजारी मिरवतो.

रोज कुणीतरी ओरडतं, "हे उलटं आहे!" मी ढिम्म. मित्रांनो, जुन्या वस्तूची चूक जरूर काढा, पण आधी तिचा दुमडलेला कोपरा उलगडून वाचा. ब्रश तोवर खाली ठेवा.