दोनदा भरलेली ओटी

"एकीची ओटी दोनदा भरली, माझी मातूर राहिली," चतुराकाकू शेजारणीच्या कानात पुटपुटल्या. ते नेमकं कस्तुराला ऐकू गेलं. थेरगावच्या तिच्या घरात एक्याऐंशी सालच्या संक्रांतीचं हळदीकुंकू चाललं होतं आणि गहू-बोरांचं ताट धरून उभ्या असलेल्या तिला सुरुवात कुणापासून केली तेच आठवेना.

जाडी उतरवायला मुंबईला जाऊन आतडं आखूड करून घेतल्यापासून हे असंच. अंग उतरलं, सोबत अक्कलही उतरली असावी. डोकं ओल्या सरपणाच्या चुलीसारखं सदा धुरकटलेलं. "अन्न अंगी लागेपर्यंत चालायचंच," डॉक्टर म्हणाले होते. गावात मात्र अपेंडिक्स म्हणून सांगितलेलं. खरं सगळ्यांना ठाऊक होतं, पण विचारत कुणीच नव्हतं. काल नवऱ्याचा डबा कंपनीत रिकामाच गेला, तरी तो चकार शब्द बोलला नाही.

"मेलं माझं ध्यानच नसतं," कस्तुरा म्हणाली. लाजेनं तिची मान वर होईना.

सासूबाईंनी उठून तिच्या हातातलं ताट घेतलं, चतुराकाकूंची ओटी भरली आणि कुणाकडे न बघताच म्हणाल्या, "तिला नगा बोल लावू. म्हस म्हस म्हणून आपुनच तिला पोट कापून घ्यायला लावलं."