पद्मजाताईंबरोबर गाणारी अवनी

अवनी सहा वर्षांची झाली, तरी तिने उत्कर्षाला एकदाही ‘आई’ म्हणून हाक मारली नव्हती. पोरगी स्वमग्न आहे, हे उत्कर्षाने कसंबसं पचवलं होतं. पचत नव्हत्या त्या पद्मजाताई.

पद्मजाताई मनोविश्लेषक. दर गुरुवारी हडपसरच्या त्यांच्या खोलीत अवनीला घेऊन जायचं. ताई खिडकीबाहेर बघत पेटीवर एखादा सूर धरत, त्यात आपला आवाज मिसळत आणि मध्येच थांबत. अवनीला काही विचारत नसत. तिसऱ्या महिन्यात एका गुरुवारी त्या जिथे थांबल्या, तिथून अवनीने सूर उचलला. दाराबाहेर बसलेल्या उत्कर्षाने तो ऐकला. आनंद व्हायला हवा होता, पण तिचा जळफळाट झाला. हिला जन्म मी दिला, हिच्यासाठी खराडीची नोकरी मी सोडली, आणि ही गाते कुणाबरोबर?

घरी येताच तिने तोच सूर लावून पाहिला. “म्हण ना, राणी. तिथे म्हणतेस ना? आईसाठी म्हण!”

अवनी दोन्ही कान दाबून पलंगाखाली शिरली.

पुढचे दोन गुरुवार उत्कर्षाने ‘अवनीला ताप आहे’ असं कळवून टाकलं. तिसऱ्या गुरुवारी अवनी आपणच चपला घालून दाराशी उभी राहिली. हलेचना. शेवटी उत्कर्षाने मुकाट्याने रिक्षा बोलावली.

“उतरला का ताप?” पद्मजाताईंनी विचारलं.

“तिला नव्हताच. मलाच चढला होता,” उत्कर्षा म्हणाली. “हेवा वाटतो मला तुमचा, ताई. माझा आवाज आला की ती कान झाकते.”

“अहो, मी परकी. ती गप्प बसली तरी माझं काय बिघडतं? तुमचं बिघडतं, ते तिला ऐकू येतं. यात तुमचा दोष नाही. आज आत बसा. फक्त काही मागू नका.”

उत्कर्षा भिंतीकडे तोंड करून सतरंजीवर बसली. ताईंनी सूर धरला, अवनीने उचलला. न राहवून उत्कर्षाही गुणगुणली, तेही बेसूर. अवनी थांबली. उत्कर्षाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात तिच्या पाठीला काहीतरी टेकलं. अवनी तिला टेकून बसली होती. पुन्हा गाऊ लागली, ताईंबरोबरच. तो सूर उत्कर्षाला पाठीतून जाणवत होता. हेवा काही गेला नव्हता. पण पायाला मुंग्या आल्या तरी ती जागची हलली नाही.